नुकसानभरपाईच्या दाव्यात तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना खासगीत भेटावे का?

"डॉक्टरसाहेब, आमचे पाहुणे तुमच्याकडे तपासणीला येणार आहेत. गरीब माणूस आहे, जरा बघून घ्या." अपघाती रुग्णांची तपासणी करणाऱ्या जवळपास प्रत्येक डॉक्टरला असा फोन कधी ना कधी येतो. फोन करणारा बहुधा वाईट हेतूचा नसतो. नागापूर एमआयडीसीत प्रेसखाली बोटे गेलेल्या तरुणाचा मेहुणा असतो, किंवा कारखान्याच्या गव्हाणीत हात अडकलेल्या कामगाराचा थोरला भाऊ. ओळखीतून काम होते हा आपला रोजचा अनुभव आहे, म्हणून इथेही तसेच करावे असे त्यांना वाटते.

या लेखाचा विषय तेवढाच आहे. कामावर झालेल्या इजेचा दावा चालू असताना तुमच्या अपंगत्वाचे मोजमाप करणाऱ्या डॉक्टरशी तुम्ही, तुमचे नातेवाईक, मालक किंवा विमा कंपनी यांनी कधी, कसे आणि किती बोलावे? उत्तर आधीच सांगतो. जे बोलायचे ते तपासणीच्या टेबलावर बोला, आणि जे कागद द्यायचे ते दुसऱ्या बाजूला कळेल अशा रीतीने द्या. याच्या बाहेरचा संपर्क बहुतेक वेळा तुमच्याच दाव्याला इजा करतो. ती कशी होते हे समजण्यासाठी आधी डॉक्टरच्या आकड्याला एवढे महत्त्व का, ते पाहू.

एका टक्क्याची किंमत

कामावरच्या अपघाताची भरपाई आजवर १९२३ च्या कायद्यानुसार मिळत आली. आधी त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत. २०१० मध्ये त्याच्या नावात 'कर्मचारी' हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. गाभा बराचसा तोच आहे. अपघात त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, हे मात्र वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा.

हात-पाय, बोटे, डोळे यांच्या ठरावीक इजांसाठी कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात टक्के छापलेलेच आहेत. अंगठा गेला तर ३०, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, खांद्यातून हात गेला तर ९०. इथे डॉक्टरला फारसे ठरवायचे नसते, कोणते हाड कुठून गेले एवढेच लिहायचे असते. खरा वाद परिशिष्टात नसलेल्या इजांचा असतो. मोडलेला मणका, आखडलेला गुडघा, वाकडे जुळलेले मनगट, बधिर झालेला तळहात अशा इजेत कमाई करण्याची ताकद किती टक्के गेली हे पात्र डॉक्टरने ठरवायचे, असे कायदा म्हणतो.

आता हिशेब करू. कामगाराचे वय ३०, महिन्याचा पगार १२,००० रुपये. कायमच्या अपंगत्वासाठी पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये धरतात आणि त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तिसाव्या वर्षी हा गुणक २०७.९८ आहे. गुणाकार १४,९७,४५६ रुपये होतो. डॉक्टरांनी कमाईची ताकद २० टक्के गेली असे लिहिले तर सुमारे २ लाख ९९ हजार रुपये मिळतात, ४० टक्के लिहिले तर सुमारे ५ लाख ९९ हजार. एका ओळीतल्या एका आकड्यामुळे तीन लाखांचा फरक पडतो. दोन्ही बाजूंना डॉक्टरकडे जाऊन 'समजावून सांगावेसे' का वाटते, ते यातून कळेल.

हा डॉक्टर नेमका कोणाचा?

रुग्णांचा सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो. तुमच्या दाव्यात तीन प्रकारचे डॉक्टर येऊ शकतात आणि तिघांशी वागण्याची रीत वेगळी आहे.

पहिला तुमच्यावर उपचार करणारा डॉक्टर. तो तुमचाच आहे. त्याच्याशी मोकळेपणाने बोला, दुखणे सांगा, दाखला मागा. त्यात गैर काहीच नाही. उलट, भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे तुम्ही मागितल्यावर ७२ तासांत तुमची वैद्यकीय कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. भरती रुग्णांची कागदपत्रे जपण्याचे बंधन तीन वर्षांचेच आहे, आणि दावे त्याहून जास्त चालतात. म्हणून डिस्चार्ज कार्ड, एमएलसीचा उतारा, ऑपरेशनच्या नोंदी आणि एक्स-रे पहिल्या काही महिन्यांतच हातात घेऊन ठेवा.

दुसरा मालकाने किंवा विमा कंपनीने पाठवलेला डॉक्टर. अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने मोफत तपासणीची तयारी दाखवली तर कामगाराला तपासणी करून घ्यावी लागते. सबळ कारण नसताना नकार दिला तर नकार असेपर्यंत भरपाईचा हक्क थांबतो. तेव्हा 'तो त्यांचा माणूस आहे, मी जाणार नाही' असे म्हणू नका. जा, पण तो तुमचा डॉक्टर नाही हे लक्षात ठेवून जा.

तिसरा आयुक्तांनी सांगितल्यावरून तपासणी करणारा डॉक्टर किंवा वैद्यकीय मंडळ. हे बहुधा जिल्हा रुग्णालयात असते. हा कोणाचाच नसतो. त्याच्या अहवालाला वजन असते ते तो कोणाचा नाही म्हणूनच. त्याला खासगीत भेटलात की ते वजन तुम्ही स्वतःच कमी करता.

आपल्या जिल्ह्यात असा दावा नगरच्या कामगार न्यायालयात चालतो. तिथले न्यायाधीशच या कायद्याखाली आयुक्त म्हणून बसत आले आहेत. त्यावरचे अपील उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जाते, आणि तेही कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच. याचा अर्थ असा की तुमच्या इजेची वस्तुस्थिती काय, टक्के किती, हे प्रामुख्याने खालीच ठरते. तिथे पुराव्यावर डाग पडला तर वर जाऊन तो धुता येईलच असे नाही.

नियम कुठे लिहिला आहे?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात हा नियम कायद्यातच स्पष्ट लिहिलेला आहे. तपासणी करणाऱ्या डॉक्टरला एका बाजूने जे कागद पाठवायचे, ते २० दिवस आधी दुसऱ्या बाजूला द्यावे लागतात. डॉक्टरशी होणारा पत्रव्यवहारही दोघांना कळवूनच करायचा. कोणी परस्पर संपर्क साधला तर दुखावलेली बाजू ती तपासणीच रद्द करून नवा डॉक्टर मागू शकते, आणि खर्च चूक करणाऱ्यावर पडू शकतो. मात्र तपासणी चालू असताना रुग्ण डॉक्टरशी जे बोलतो, ते सहसा या बंदीत येत नाही. ही सूट शहाणपणाची आहे, कारण रुग्णाशी न बोलता तपासणी होणार कशी?

आपल्याकडे असे एक कलम दाखवता येत नाही. म्हणून काही लोक समजतात की सगळे चालते. तसे नाही. आपल्याकडे हाच नियम चार-पाच ठिकाणी विखुरलेला आहे. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि शपथेवर पुरावा घेण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यामुळे दाखला लिहिणारा डॉक्टर साक्षीला येतो आणि त्याची उलटतपासणी होते. दुसऱ्या बाजूला न दाखवलेल्या माहितीवर निकाल देऊ नये, हे न्यायाचे मूळ तत्त्व आयुक्तांनाही लागू आहे. खोटा किंवा दिशाभूल करणारा दाखला देणे हा वैद्यकीय आचारसंहितेनुसार गैरवर्तन आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ प्रमाणे असा दाखला जाणूनबुजून देणाऱ्याला खोट्या साक्षीइतकीच शिक्षा आहे, आणि तो खोटा आहे हे माहीत असून खरा म्हणून वापरणाराही सुटत नाही.

पैशांची गोष्ट आणखी वेगळी. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरला किंवा कर्मचाऱ्याला दाखल्यासाठी पैसे दिले तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणी पैशांसाठी अडवून धरले आणि नाइलाजाने द्यावे लागले, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करणे सर्वांत चांगले.

खासगी भेट उघड कशी होते?

"कळणार कोणाला?" हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला कोणताही डॉक्टर याचे उत्तर देईल. विमा कंपनीचे वकील अशा प्रश्नांत मुरलेले असतात. रुग्णाला तुमच्याकडे कोणी पाठवले? केस पेपरचा नंबर काय? तपासणीची फी कोणी दिली, पावती आहे का? त्या दिवशी नवा एक्स-रे काढला की जुनाच पाहिला? दाखला ज्या तारखेचा आहे, त्या तारखेला रुग्ण खरोखर आला होता याची नोंद दाखवा. दाखल्यांची नोंदवही ठेवणे, तिच्यात रुग्णाची सही आणि ओळखीची खूण घेणे हे डॉक्टरवर बंधनकारक आहे. ती वही न्यायालय मागवू शकते. बाहेर चहाच्या टपरीवर ठरलेल्या टक्क्यांना मागे केस पेपर नसतो, सांधा किती अंश वळतो याचे मोजमाप नसते. तिसऱ्या प्रश्नाला दाखला उघडा पडतो.

यात सर्वांत वाईट वाटते ते खऱ्या रुग्णाचे. समजा एका माणसाचे मनगट खरोखरच ३० टक्के निकामी आहे. नातेवाइकांनी ओळख काढून ५० लिहून घेतले. उलटतपासणीत तो दाखला गेला की न्यायालयासमोर विमा कंपनीच्या डॉक्टरचे १० टक्के तेवढे उरतात. हक्काचे ३० सुद्धा हातचे जातात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. तो खटला मोटार अपघाताचा होता, पण कामगारांच्या दाव्यांतही त्याचा आधार घेतला जातो. उपचार न केलेल्या डॉक्टरांनी सढळ हाताने दिलेल्या तयार दाखल्यांवर विसंबू नका, उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष घ्या किंवा वैद्यकीय मंडळाकडे पाठवा, असे न्यायालयाने सांगितले. त्याच निकालातली दुसरी गोष्ट कामगारांच्या फायद्याची आहे: अवयव किती टक्के निकामी झाला आणि कमाई किती टक्के गेली, हे दोन वेगळे आकडे आहेत. डावा हात गेलेला चालक किंवा सुतार जवळजवळ शंभर टक्के कमाई गमावतो, कारकुनाचे तसे होईलच असे नाही.

ही कल्पना नवीन नाही. १९७५ च्या अखेरीस प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात कोपराच्या वरून डावा हात गेलेल्या सुताराचे नुकसान सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणजे डॉक्टरला खासगीत गाठून आकडा फुगवण्यापेक्षा, तुमचे काम नेमके काय होते हे कागदावर नीट मांडणे कितीतरी जास्त उपयोगाचे. ऊसतोड करणाऱ्याला कोयता किती वेळ चालवावा लागतो, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर कसे चढावे लागते, प्रेसवर मिनिटाला किती वेळा हात जातो, हे डॉक्टरला आपोआप कळत नाही. ते तुमच्या शपथपत्रात लिहा, त्याची प्रत समोरच्याला जाऊ द्या आणि तीच प्रत डॉक्टरपुढे ठेवा. यात लपवण्यासारखे काहीच नाही आणि आकडा योग्य ठरायला खरी मदत याचीच होते.

तपासणीच्या दिवशी

तपासणीला जाताना सर्व मूळ एक्स-रे आणि कागद न्या, पण डॉक्टरला द्यायचा संच वकिलांमार्फत आधीच दाखल झालेला असावा. एखादा नवा कागद त्याच दिवशी हाती आला तर डॉक्टरकडे देताना तसे सांगा, केस पेपरवर नोंद करायला लावा आणि वकिलांना त्याच संध्याकाळी प्रत द्या.

डॉक्टर विचारतील त्याची खरी उत्तरे द्या. कामाचे स्वरूप, दुखणे, रात्री झोप लागते का, स्वतः बटण लावता येते का, मोटारसायकलचा क्लच दाबता येतो का, हे सर्व सांगायला हरकत नाही. तो खासगी संपर्क नव्हे, ती तपासणीच आहे. जुनी इजा असेल तर लपवू नका. एक्स-रेवर जुने हाड जुळलेले दिसते आणि लपवलेली एक गोष्ट सापडली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. मुद्दाम लंगडूही नका. दोन्ही पायांच्या पोटऱ्यांचा घेर टेपने मोजला की कोणता पाय किती वापरात आहे याचा अंदाज आम्हाला येतो.

दाव्याची रक्कम, तडजोड, 'किती टक्के बसतील' हे विषय काढू नका. डॉक्टरने स्वतः काढले तर "ते वकील बघतात" एवढे म्हणा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

मालकाच्या तपासणीबद्दल १९२४ च्या नियमांत काही तरतुदी आहेत आणि त्या फार थोड्या कामगारांना माहीत असतात. तपासणीची वेळ आणि जागा लेखी कळवायची असते. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत तपासणी ठेवता येत नाही. घराबाहेर पडण्यासारखी प्रकृती नसेल तर डॉक्टरने तुमच्याकडे यायचे. पंधरवड्याची भरपाई चालू असताना अपघातानंतरच्या पहिल्या महिन्यात दोनदा आणि पुढे महिन्यातून एकदा, याहून जास्त वेळा बोलावता येत नाही. महिला कामगाराची तपासणी पुरुष डॉक्टरने करायची तर तिची संमती हवी, नाही तर दुसरी स्त्री तिथे हजर हवी. नव्या संहितेखालचे नियम लागू होतील तिथे ते पाहावे लागतील, म्हणून नोटीस आली की आधी वकिलांना दाखवा.

समोरच्या बाजूने संपर्क केला तर?

नियम दोन्ही बाजूंना सारखाच आहे आणि माझ्या मते तो जास्त मोडला जातो तिकडून. रुग्णाचे नातेवाईक घाबरत फोन करतात, पलीकडचा प्रतिनिधी मात्र आत्मविश्वासाने केबिनमध्ये येऊन बसतो. एकदा असे गृहस्थ माझ्याकडे आले आणि आम्ही बरीच तपासणीची कामे देतो, असे बोलता बोलता म्हणाले. मी त्यांचे नाव, वेळ आणि येण्याचे कारण केस पेपरवर लिहिले आणि त्यांना ते वाचायला दिले. संभाषण तिथेच संपले.

तुम्ही तपासणीसाठी बाहेर बाकावर बसला आहात आणि कंपनीचा माणूस आत डॉक्टरशी बोलताना दिसला, तर भांडू नका. तारीख, वेळ, कोण होते, किती वेळ होते हे लिहून ठेवा, सोबतच्या माणसालाही लिहायला सांगा आणि वकिलांना कळवा. विमा कंपनीने डॉक्टरला पत्र किंवा चौकशी अहवाल पाठवला असेल तर त्याची प्रत मागण्याचा अर्ज करता येतो. उलटतपासणीत डॉक्टरला विचारताही येते: या तपासणीआधी तुम्ही कोणाशी बोललात? या कंपनीसाठी वर्षाला किती तपासण्या करता? अहवाल एकतर्फी वाटला तर जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडून पुन्हा तपासणी व्हावी अशी विनंती आयुक्तांकडे करता येते.

तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडेही असे लोक जातात. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरचे कर्तव्य आहे. न्यायालयाचा आदेश, कायद्याची गरज किंवा तुमची संमती नसेल तर ती विमा प्रतिनिधीला देता येत नाही. दवाखान्यात भरती होताना सही केलेल्या फॉर्ममध्ये अशी संमती होती का, ते मात्र एकदा पाहून घ्या.

ईएसआयचे कार्ड असेल तर

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर तुमचा मार्ग वेगळा आहे. तिथे मालकावर वरील दावा करता येत नाही. अपंगत्व ईएसआयचे वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्यावर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा ईएसआय न्यायालयाकडे दाद मागता येते. मंडळाच्या सदस्यांना परस्पर भेटण्याबाबत वर लिहिलेले सर्व तिथेही तसेच धरा.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दलही एक खुलासा. जिल्हा रुग्णालयातून मिळणारे यूडीआयडी कार्ड सवलतींसाठी असते. त्यावरचे टक्के म्हणजे कमाईच्या नुकसानीचे टक्के नव्हेत. ते दाव्यात जोडायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका.

आधीच भेटून झाले असेल तर

घाबरू नका आणि लपवूही नका. कोण, कधी, कोणाला भेटले आणि काय बोलले हे वकिलांना जसेच्या तसे सांगा. उलटतपासणीत अचानक बाहेर येण्यापेक्षा ते आधी माहीत असलेले बरे. वकील त्या डॉक्टरऐवजी मंडळाकडून तपासणीची मागणी करू शकतील. पुन्हा त्या डॉक्टरकडे जाऊन 'ते विसरून जा' असे सांगायला मात्र जाऊ नका, तीही एक खासगी भेटच होईल. नवी तपासणी म्हणजे काही महिने जास्त लागतील हे खरे. पण भरपाई देय झाल्यापासून महिनाभरात दिली नाही तर त्यावर किमान १२ टक्के व्याज लागते, आणि योग्य कारणाशिवाय उशीर केला असे ठरले तर मालकाला ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. हे दोन्ही मुद्दे तुमच्या अर्जात आहेत ना, ते वकिलांना विचारून घ्या.